विकणाऱ्याचं वय कोण विचारणार?

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी फोनवरच्या एका ग्रुपच्या लिलावात सात शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, घेतल्या. रात्री साडेनऊला बोली सुरू झाली आणि दहा वाजून गेल्यावर २,४०० रुपयांना माझ्यावर सुटली. फोटोतल्या एका नाण्यावर 'श्री राजा शिव' ही अक्षरं इतकी ठसठशीत होती की मी पुढे काही विचारलंच नाही. चार दिवसांनी पाकीट आलं. नाणी तळहातावर घेतली आणि चूक कळली. कडेने फिरणारी बारीक शिवण, अंगावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, आणि सातपैकी पाच नाण्यांवर एकाच जागी, एकाच लांबीचा ओरखडा. शिवराई हातोड्याने पाडलेली असे. प्रत्येक ठोका वेगळा, त्यामुळे प्रत्येक नाणं थोडं वेगळं. कुठे अक्षर कडेबाहेर गेलेलं, कुठे ठसा सरकलेला. एकच ओरखडा पाच नाण्यांवर दिसतो, तेव्हा कुणीतरी एका नाण्यावरून साचा करून त्यात तांबं ओतलेलं असतं. फोटोतलं ते देखणं नाणं तर पाकिटात नव्हतंच.

पाकिटावर सिंहगड रस्त्याचा पत्ता होता. रविवारी सकाळी गेलो. दार उघडलं ते एका बाईंनी. पैसे त्यांच्याच खात्यावर गेले होते, पण नाण्यांचं त्यांना काही माहीत नव्हतं. मुलगा जुन्या खेळण्यातल्या गाड्या विकतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मुलगा आतून आला. दहावीतला, क्लासला निघालेला. मी नाणी टेबलावर मांडली, ओरखडा दाखवला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने वही आणली. हीच नाणी त्याने दुसऱ्या एका ग्रुपवर १,५०० रुपयांना खरी समजून घेतली होती. दिवाळीत आणि वाढदिवसाला मिळालेले पैसे होते ते. "मग फोटो कुठला?" मी विचारलं. "तो नेटवरनं घेतला. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला नाही, काका."

आईने तिथल्या तिथे माझे २,४०० रुपये परत केले. मुलाला नाणी विकणारा मात्र ग्रुप सोडून गेला होता, त्याचा नंबर बंद होता. म्हणजे माझं नुकसान भरून निघालं आणि सगळा तोटा या साखळीतल्या सगळ्यात लहान माणसाच्या अंगावर येऊन थांबला. लिलाव चालवणाऱ्याने पाच टक्क्यांप्रमाणे १२० रुपये घेतले होते. त्याला फोन केला तर म्हणाला, "मी फक्त जागा दिली. व्यवहार तुमच्या दोघांचा."

त्या वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

मुलांनी विकू नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. अदलाबदल ही संग्राहकाची पहिली शाळा असते. काड्यापेटीचे छाप, पोस्टाची तिकिटं, क्रिकेटपटूंची कार्डं यांची देवाणघेवाण केल्याशिवाय कुणाचाही संग्रह वाढलेला नाही. मी स्वतः शाळेत असताना बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जायचो. भारताची टांकसाळ नाण्याच्या सालाखालच्या खुणेवरून ओळखायची, चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, हे असलं शिक्षण त्या चादरीवर पसरलेल्या ढिगांपुढे उकिडवं बसूनच मिळतं. याच शहरात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि त्या सगळ्या खटाटोपाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. एका लहान मुलाचं नाव धारण करणाऱ्या संग्रहासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराने मुलांना संग्रहापासून दूर ठेवावं, असं कोण म्हणेल? सरकारही तसं म्हणत नाही. टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना २०१७ पासून सहावी ते नववीच्या मुलांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती देते.

पण जुन्या बाजारात एक गोष्ट होती. मी एकदा घरातली दोन चांदीची नाणी विकायला घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने ती हातातही घेतली नाहीत. "घरी विचारलंस का? वडिलांना घेऊन ये." त्याला माझ्याबद्दल फार प्रेम होतं असं नाही. चोरीचा माल घेतला तर पोलीस आपल्याकडे येतील, हे त्याला माहीत होतं. विकणारा पोर आहे हे त्याला समोर दिसत होतं आणि त्या दिसण्याची जबाबदारी त्याच्यावर पडत होती. फोनवरच्या लिलावात ते दिसणं गेलं. प्रोफाइलवर सिंहाचं किंवा गाडीचं चित्र असतं, नाव 'कॉइन किंग' असं काहीतरी असतं, आणि पलीकडे पंधरा वर्षांचा मुलगा आहे की पन्नास वर्षांचा ठग, हे कळायला मार्ग नसतो. ज्याला सहज कळू शकतं, म्हणजे लिलाव चालवणाऱ्याला, त्याला न विचारण्यातच फायदा आहे. विचारलं तर विक्रेते कमी होतील आणि टक्केवारीही.

कायदा या बाबतीत जुना आहे आणि स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्ती करार करू शकत नाही. सज्ञान व्हायचं ते १८७५ च्या कायद्याने अठरा पूर्ण झाल्यावर. १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितलं की असा करार मुळापासूनच शून्य. तो खटला वाचण्यासारखा आहे. कलकत्त्यातल्या एका अज्ञान मुलाने आपली मालमत्ता गहाण ठेवून सावकाराकडून पैसे घेतले. मुलगा अज्ञान आहे हे त्याच्या आईने सावकाराच्या बाजूच्या वकिलाला आधी कळवलेलं होतं. तरी व्यवहार झाला. पुढे मुलाच्या बाजूने गहाणखत रद्द करण्यासाठी दावा झाला, तेव्हा सावकाराच्या बाजूने दिलेले पैसे परत मागितले गेले आणि न्यायालयाने ते मिळवून द्यायला नकार दिला. ज्याला वय माहीत होतं त्याने नंतर त्या वयाबद्दल तक्रार करायची नाही, हा त्यातला भाग मला आजच्या लिलाववाल्यांपुढे ठेवावासा वाटतो.

खरेदीदाराच्या बाजूने याचा अर्थ काय? दहावीतल्या मुलाने खोटी शिवराई दिली तर कराराच्या आधारावर 'आता फोटोतली खरी आणून दे' असं त्याला न्यायालयातून भाग पाडता येत नाही. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने एक फट ठेवली आहे: अज्ञान प्रतिवादीला जेवढा लाभ खरोखर झाला असेल तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं. पण हजार-दोन हजारांसाठी शिवाजीनगर कोर्टाची पायरी कोण चढणार? आणि फौजदारी वाट धरली तर समोर मूल आहे, म्हणजे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाणार. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या, अल्पवयीन चालकाच्या मोटारीच्या अपघातानंतर हा शब्द पुण्यात घराघरांत पोचला आणि तेव्हापासून 'अल्पवयीन' म्हटलं की आपली चर्चा एकाच प्रश्नाशी अडकते: शिक्षा किती कडक असावी. खोटी नाणी विकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच चुकीचा आहे. त्याला तो व्यवहार करू कुणी दिला, हे आधी विचारलं पाहिजे.

बँकेची गोष्ट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या नावाचं बचत खातं स्वतः चालवू शकतं. बँक त्यावर मर्यादा घालते, इतकंच. मला हे चांगलं वाटतं, मुलांना पैशाचा हिशेब लवकर कळावा. पण पैसे घेण्याचं साधन दहाव्या वर्षी हातात येतं आणि घेतलेल्या पैशांबद्दल कराराने बांधलं जायला अठरावं वर्ष उजाडावं लागतं. या मधल्या आठ वर्षांत हा सगळा बाजार वसला आहे. बहुतेक मुलं तर स्वतःचं खातंही वापरत नाहीत. आईच्या किंवा ताईच्या नंबरवर पैसे येतात. घरच्यांना वाटतं, पोरगं खटपटी आहे, चार पैसे कमावतं. नातेवाइकांत कौतुक होतं. ते कौतुक करताना कुणी वही उघडून बघत नाही.

वय न विचारण्याचा रोग आजचा नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत तेरा वर्षांच्या एका मुलाने ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर तीस लाख डॉलरच्या आसपास बोली लावून ठेवल्या होत्या; त्यात जुन्या मोटारी होत्या, प्राचीन फर्निचर होतं. तेव्हा ही बाजारपेठ जेमतेम चार वर्षांची होती, जगाने ते नवलाईच्या बातमीवर सोडून दिलं. आज पाव शतक उलटलं. 'मी अठरा वर्षांचा आहे' या चौकोनात टिचकी मारायची, की वयाची चौकशी संपली.

मोठ्या संकेतस्थळांना निदान नियम आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी विक्रेत्याचा तपशील दाखवायचा, तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. पण संग्रहाच्या वस्तूंचा फार मोठा व्यवहार आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर आणि इन्स्टाग्रामच्या थेट प्रक्षेपणांत होतो. तिथे नाणी, नोटा, तिकिटं आहेतच. मुलांची खरी गर्दी मात्र हॉट व्हील्सच्या गाड्या आणि पोकेमॉनची कार्डं यांच्याभोवती असते. दुकानाच्या फळीवरून शे-दोनशेची गाडी उचलायची, ती 'ट्रेझर हंट', म्हणजे दुर्मिळ गाडी, निघाली तर कित्येक पटींनी विकायची. माल यायच्या आधीच आगाऊ पैसे घ्यायचे. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणारं सोनेरी प्लॅस्टिकचं पोकेमॉन कार्ड हे नक्कल असतं, पण सातवीतला मुलगा ते पाचवीतल्या मुलाला दुर्मिळ म्हणून विकतो आणि दोघांनाही ते खरंच वाटत असतं. ई-कॉमर्सचे ते नियम खाजगी, अधूनमधून होणाऱ्या व्यवहाराला लागू नाहीत, आणि नसावेतच. पण जो माणूस दर शनिवारी लिलाव लावतो, नियम ठरवतो, कुणाला काढायचं ते ठरवतो आणि प्रत्येक सौद्यावर टक्का घेतो, तो नियमित धंदा करतो आहे. 'मी फक्त जागा दिली' हे त्याचं म्हणणं मान्य करण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याची पिशवी लिलावात सुटते तेव्हा मध्ये आडत्या असतो. त्याच्याकडे बाजार समितीचा परवाना असतो, गाळ्यावर पाटी असते, हिशेबपट्टी असते. शेतकऱ्याचे पैसे अडले तर कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं असतं. तिथेही गैरप्रकार होतात, पण माणूस सापडतो. कांद्याच्या पिशवीला आपण जो बंदोबस्त दिला तो तीनशे वर्षांच्या शिवराईला दिलेला नाही.

उलट शिवराईसाठी वेगळा कायदा आहे आणि आम्ही संग्राहकच तो विसरतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे आणि पुरावशेष विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. नोटाबंदीतल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटांनाही २०१७ च्या कायद्याने मर्यादा आहे: साध्या माणसाला दहा, अभ्यासकाला किंवा नाणेसंग्राहकाला पंचवीस. दहावीतल्या मुलाला यातलं काही ठाऊक असण्याची शक्यता नाही. त्याच्या विक्रीवर टक्का घेणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आता एक अवघड बाजू. अल्पवयीन विक्रेता हा पुष्कळदा विक्रेता नसून मुखवटा असतो. 'मी बारावीत आहे, आजोबा गेले, त्यांचा संग्रह फीसाठी विकतोय' असा मजकूर मी निरनिराळ्या नंबरांवरून, जवळजवळ त्याच शब्दांत वाचला आहे. ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम होतात: दया येते, आणि या पोराला वस्तूची किंमत कळत नसावी असा लोभही सुटतो. ठगाला दोन्ही हवे असतात. मला त्या सात शिवराई स्वस्त वाटल्या होत्या, तेव्हा माझ्याही मनात तो लोभ होता आणि त्याची मला लाज वाटते. याच्या उलट टोकाला, पकडलं गेल्यावर 'मुलाने केलं, मला माहीत नाही' असं म्हणणारे बापही आहेत. आधी मुलाचं नाव पुढे करून गिऱ्हाईक गाठायचं, नंतर त्याचंच नाव पुढे करून सुटायचं. भारतीय न्याय संहितेच्या ९५ व्या कलमात मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा आहे. ते कलम फक्त पाकीटमारांच्या टोळ्यांसाठी आहे असं समजण्याचं कारण नाही.

आणि मूल खरोखरच विक्रेता असतं तेव्हा ते फसवण्याइतकंच फसतंही. 'ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या' ही जाहिरात पाहिली नाही असा माणूस विरळा. नोट कपाटात सापडते, फोन लावला जातो, मग नोंदणी फी, कर, कुरिअर असे पैसे मागितले जातात आणि शेवटी समोरचा गायब होतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा प्रकारांबद्दल जाहीर इशारा दिला होता: आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही. या सापळ्यात दोन वयाची माणसं सहज सापडतात, आजी-आजोबा आणि नातवंडं. पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, पण मूल फोन करत नाही. ते घरी सांगतच नाही. घाबरतं, आणि गेलेले पैसे भरून काढायला पुढच्याला फसवायला शिकतं. मला त्या दहावीतल्या मुलात हेच दिसलं. ग्रुपवर नेटवरचा दुसराच फोटो लावताना आपण खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं, नाणी खोटी आहेत हे कळत नव्हतं. पहिल्या खोटेपणाची त्याला सवय झाली होती, कारण सगळेच ते करत होते.

'बोली चढव ना' हाही तसलाच प्रकार. मित्र मित्राच्या वस्तूवर खोटी बोली लावतो आणि मुलांना तो खेळातला डाव वाटतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमात साफ लिहिलं आहे की विक्रेत्याने किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लाववली तर खरेदीदार तो सौदा मोडू शकतो. हे कलम मी कुठल्याही ग्रुपच्या नियमांत पाहिलेलं नाही. 'बोली मागे घेतली तर काढून टाकू' हा नियम मात्र सगळीकडे असतो.

माझी मागणी छोटी आहे. अठराच्या आतल्या विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूखाली ज्या मोठ्या माणसाच्या खात्यावर पैसे जाणार आहेत त्याचं नाव आणि नंबर असला पाहिजे, आणि त्या माणसाने लिलावाआधी 'हे मी पाहिलं आहे, माल परत आला तर पैसे मी देईन' असं स्वतः कळवलं पाहिजे. ते न घेता लिलाव लावला तर टक्का घेणाऱ्याने भरपाई द्यायची. बस. वस्तूचा फोटो त्या दिवसाच्या तारखेच्या चिठ्ठीसह असावा, नाणं असेल तर वजन लिहावं. पण हे सगळ्यांनीच करायचं आहे, मुलांसाठी वेगळं नाही.

काही जाणत्या मित्रांनी हरकत घेतली की यातून मुलांची कागदपत्रं कुणाच्याही हाती जातील. ही हरकत खरी आहे. लिलाववाल्याच्या फोनमध्ये शंभर मुलांची आधार कार्डं साठणं हा मूळ फसवणुकीपेक्षा मोठा धोका आहे, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही अठराखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती मागतो. म्हणूनच मी मुलाचा एकही कागद मागत नाही. नाव मोठ्या माणसाचं, जबाबदारी मोठ्या माणसाची. दुसरी हरकत अशी, की एवढी कटकट झाली तर मुलं निघून जातील, छंद मरेल. जो छंद पालकाच्या एका फोनमुळे मरतो तो छंद नव्हता, आईच्या नंबरावर चाललेला सट्टा होता. खऱ्या संग्राहक मुलाला घरातलं कुणीतरी सोबत असणं ओझं वाटत नाही. जुन्या बाजारात वडिलांना घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्याने मला जास्त वेळ दिला होता.

आमच्या ग्रुपमध्ये हा नियम आणायला तीन महिने भांडावं लागलं. चालवणाऱ्याने शेवटी मान्य केला, कारण आठ-दहा जुन्या सभासदांनी बोली लावणं थांबवलं. नियम लागू झाल्यावर अकरा विक्रेते निघून गेले. त्यांतली मुलं किती आणि मोठे किती, ते आता कळणार नाही. लिलावही थंडावले, पूर्वी तासात चाळीस वस्तू सुटत, आता पंधरा-वीस.

सिंहगड रस्त्यावरचा मुलगा राहिला. मागच्या महिन्यात त्याने स्वतंत्र भारताची चार नाणी ठेवली होती. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी तारखेची चिठ्ठी, तळाशी आईचं नाव आणि नंबर. फोटो अंधुकच होते, त्याच कॅमेऱ्याने काढलेले. चौथ्या नाण्यापुढे त्याने लिहिलं होतं, 'सालाखालची खूण झिजली आहे, टांकसाळ सांगता येत नाही.' ते सव्वाशेला सुटलं.